पास कशात?

शुभांगी जाधव मॅडमनी कुठल्या गोष्टीला 'चांगलं' म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. परळच्या आमच्या प्रयोगशाळेत मी नवी होते, तेव्हा एकदा आईच्या हातचे पोहे त्यांच्यापुढे केले आणि कौतुकाच्या आशेने विचारलं, "कसे झालेत?" त्यांनी दोन घास खाल्ले, विचार केला आणि म्हणाल्या, "मीठ बरोबर आहे." असली कंजूष बाई वरिष्ठ म्हणून आपल्याच वाट्याला यावी, अशी तक्रार मी दादरला घरी जाऊन केलीही.

आमच्याकडे प्रोटीनच्या पावडरी, जीवनसत्त्वांच्या गोळ्या, केस वाढवणाऱ्या नि वजन उतरवणाऱ्या कॅप्सूल तपासायला येत. मी उत्साहाने ओरडायची, "मॅडम, नमुना पास!" मशीनवरची मान न उचलता त्या विचारत, "पास कशात?" मी ओशाळून म्हणे, "शिशाच्या तपासणीत." "हां, मग तेवढंच बोल. बाकीचं आपल्याला माहीत नाय." कंपनी जे विचारेल तेवढंच तपासायचं, हा आमच्या धंद्याचा रिवाज. डबीत आणखी काय आहे, ते बघायला कोणी सांगितलेलं नसतं.

एवढ्या काटेकोर बाईची जीभ एकदाच सैल सुटली, तीही घरी. मॅडम आईबरोबर नायगावच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहत. आईचे गुडघे पार गेलेले. पौर्णिमेला खालच्या विहारात वंदनेला जायचं तर दोघीतिघींनी धरून उतरवावं लागे. एका शेजारणीने कुठूनशी सांधेदुखीची कॅप्सूल आणली, 'संपूर्ण वनस्पतिजन्य'. डबी पाहून मॅडम सहज बोलून गेल्या, "ही आमच्याकडे येऊन गेलीय. पास आहे." ती पास झाली होती शिसं आणि पाऱ्यात. पण घरात कोण विचारणार, पास कशात? आईने गॅलरीभर सांगितलं, "आमच्या शुभाने तपासलंय." हां हां म्हणता मजल्यावरच्या घराघरात ती डबी पोचली.

गुण असा आला की विचारू नका. आई एकटी जिना उतरू लागली. जयंतीच्या मिरवणुकीत पांढरी साडी नेसून नाक्यापर्यंत चालली. गाल भरले, बायका म्हणाल्या, तब्येत सुधारली. पुढे आईच्या दंडावर काळेनिळे डाग दिसू लागले, रक्तातली साखर चढली, आणि तो गोल चेहरा मॅडमना खटकायला लागला. प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांची परवानगी काढून त्यांनी डबी प्रयोगशाळेत आणली आणि कंपनीने न विचारलेली तपासणी केली. मी शेजारीच होते. पडद्यावरच्या आलेखात स्टेरॉइडचा सुळका उभा राहिला. मॅडमनी डबीचं झाकण लावलं. मग म्हणाल्या, "आता बंद कर, असंही सांगता येत नाही गं."

स्टेरॉइड बरेच दिवस बाहेरून मिळालं की शरीर स्वतःचं बनवायचं सोडून देतं. एकदम तोडलं तर माणूस कोसळू शकतो, आणि घेत राहिलं तर हाडं पोखरतात. सर म्हणाले, "अन्न-औषध खात्याला कळवू. तोवर तोंड बंद ठेवा, कंपनी आपलं गिऱ्हाईक आहे." मॅडमनी मान डोलावली आणि त्याच संध्याकाळी चाळीत दारोदार फिरल्या. "मनाने घेऊ नका, मनाने सोडूही नका. उद्या माझ्यासोबत हॉस्पिटलला चला."

"शुभाताई, तूच बोललीस ना पास आहे?" समोरच्या खोलीतल्या काकूंनी विचारलं. "आता काय झालं? कंपनीशी वाजलं काय तुझं?" मॅडमनी पुन्हा तेवढंच सांगितलं, उद्या चला. कुरकुरत का होईना, बायका आल्या. काकू आल्या नाहीत. त्यांचा जिन्यावरचा ठणठणीत पाय पाहिला की ती डबी चालूच आहे हे ओळखून मॅडम पुन्हा त्यांचं दार वाजवत.

डॉक्टरांनी आईला स्टेरॉइडच्याच गोळ्या लिहून दिल्या, हळूहळू उतरवत नेण्यासाठी. जे मॅडमनी मशीनवर पकडलं होतं, तेच त्या रोज सकाळी स्वतःच्या हाताने आईच्या तळहातावर ठेवू लागल्या. मात्रा उतरत गेली तसे गुडघे पुन्हा धरले. "ती पहिली गोळी दे ना गं, अर्धी तरी," आई विनवायची. प्रयोगशाळेत काचेची भांडी धुता धुता हे सांगताना मॅडम रडल्या. त्या कंपनीच्या मालकाला आणून असे गुडघे घेऊन तो जिना चढायला लावावं, असं मला वाटे. अजूनही वाटतं.

मला दुसरीकडे नोकरी लागली तेव्हा मी निरोप घ्यायला त्यांच्या घरी गेले. पौर्णिमा होती. खालून वंदनेचे सूर येत होते आणि आई खाटेवर बसून ओठांतल्या ओठांत म्हणत होती. वंदना संपल्यावर तिने माझा हात धरला.

"पोरी, तूपण तिथंच कामाला होतीस ना? मग खरं सांग. एवढी वाईट होती ती गोळी? मी नाक्यापर्यंत चालले होते गं."

हाडं, साखर, सगळं तोंडपाठ असून मी आतल्या दाराकडे पाहिलं. शेकाची पिशवी घेऊन मॅडम आतून आल्या, खाटेच्या कडेला बसल्या आणि आईचे पाय त्यांनी मांडीवर घेतले.

"चालली होतीस, आई," त्या म्हणाल्या. "ते खरंच आहे."

आईने तोंड भिंतीकडे फिरवलं. पाय मात्र काढून घेतले नाहीत.