जाताना दोन, येताना तीन

"जाताना दोन धरा ताई, येताना तीन."

असं म्हणून मावशी माझ्या टेबलावर दोन बोटं टेकवायच्या आणि मग सावकाश तिसरं त्यांच्या शेजारी आणून ठेवायच्या. ते तिसरं ठेवताना माझ्याकडे बघायच्या नाहीत.

पहिल्यांदा मी हसले. गंगापूर रोडला फरसाणाच्या दुकानावर माझं टूरचं ऑफिस आहे. दोन टेबलं, चार खुर्च्या आणि मनात आलं तर चालणारा एसी. माणसं मोजण्यातले घोळ हा माझा रोजचा धंदा. मिसरूड फुटलेल्या पोराचं अर्धं तिकीट मागणारे बाप, सासूला धरायलाच विसरलेल्या सुना. अशी माणसं तुमच्याही घरात असतील, नाही म्हणू नका. मला वाटलं, बाई सायखेड्याकडची, अंदमानला निघालेली, विमानाची पहिलीच वेळ, झाली असेल गडबड.

"मावशी, दोघं गेलात तर दोघंच परत येणार ना?"

"तुम्ही धरा तर खरं."

"मग तिसरं माणूस तिकडून चढणार का?"

"सापडलं तर चढंल."

मला वाटलं, पोरगा भांडून अंदमानात नोकरीला पळालाय आणि आईबाप त्याला आणायला निघालेत. त्यांनी पिशवीतून आधार कार्ड काढून दिलं. कडा मऊ पडलेल्या, फोटोत ओले केस चापून बसवलेला कॉलेजातला मुलगा. मी येतानाच्या तिकिटावर त्याचं नाव लिहिलं. पिशवी त्यांनी परत शेजारच्या खुर्चीवर ठेवली. ह्या पिशवीचा मला भारी राग यायचा. आधीच खुर्च्या कमी, त्यात बाई एक अडवून बसायच्या. कोणी टेकायला आलं की म्हणायच्या, "हितं माणूस हे."

त्यांचे यजमान, काका, दाराजवळच्या खुर्चीत टोपी गुडघ्यावर ठेवून बसलेले असायचे. एक शब्द बोलायचे नाहीत.

मी माझं नेहमीचं सुरू केलं. सेल्युलर जेल, काचेच्या तळाची बोट, निळं पाणी, पांढरी वाळू. मावशींनी एकही फोटो बघितला नाही. "ते राहू द्या. होडी पायजे. आपल्या एकट्याची. दिवसभर. किनारा दिसणार नाय इतकी लांब नेणारी."

"मावशी, लोक किनारा बघायलाच जातात."

"जाऊ दे लोकं." मग पुढं वाकून त्यांनी विचारलं, "आपली गंगा कोणत्या अंगानं येती तिकडं?"

आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो, ते मला समजावून सांगायची गरज नव्हती. पण माझ्यातली मास्तरीण जागी झाली. मोबाइलवर नकाशा उघडून मी दाखवलं की गोदावरी आंध्रात समुद्राला मिळते, अंदमान तिथून लांब, मध्ये अख्खा समुद्र, तेव्हा त्यांचा गैरसमज झालाय.

"तिथं जाऊन आले मी," मावशी म्हणाल्या. "पैठणला गेले, नांदेडला गेले, राजमहेंद्रीला गेले. जिथं मिळती तिथंबी गेले. तिथला होडीवाला लाटा लागल्या की माघारी फिरला. म्हणलं, पुढं ने. तर म्हणे, पुढं काही नाय, पुढं एकदम अंदमान." त्यांनी माझ्या मोबाइलच्या काचेवर बोट ठेवलं. "म्हणून हितं आले."

त्या खाली फरसाण घ्यायला गेल्या तेव्हा काका पहिल्यांदा बोलले.

"ताई, तुम्हाला सांगायला पायजे. पोरगं पुरात गेलं आमचं. गंगेला पाणी सुटलं होतं. मीच म्हणलो, जा, काठावरची मोटर वर काढून आण." टोपी त्यांनी एका गुडघ्यावरून दुसऱ्यावर ठेवली. "मोटर सापडली."

मी मोबाइलवरचा नकाशा बंद केला.

पुढचं त्यांनीच सांगितलं. मुलीचं लग्न ठरलं होतं. भाऊबंद म्हणत होते, इतकी वर्षं झाली, मांडव घालायच्या आत पोराचं क्रियाकर्म उरकून घ्या. देह मिळाला नाही की रामकुंडावर गुरुजी पुतळा करून देतात, त्याला अग्नी द्यायचा आणि पुढचे दिवस करायचे. मावशी ते करू देत नव्हत्या. जिता माणूस जाळता का, म्हणायच्या. एकदा तर भावकीतल्या कोणीतरी गुरुजींना घरी आणलं, तर मावशींनी त्यांना चहा पाजून वाटेला लावलं. शेवटी स्वतःच तोड काढली: गंगेचं पाणी जिथवर जातं तिथवर एकदा बघू द्या. नाही सापडला तर करा काय करायचं ते, मी आडवी येणार नाही.

"म्हणून ती म्हणती तसं धरा," काका म्हणाले. "ते तिसरं तिकीट गाळू नका."

मी गाळणार होतेच. आमच्या धंद्यात रिकाम्या सीटला मूर्खपणा म्हणतात. नाही गाळलं.

मावशी वर आल्या, मग तिकडच्या होडीवाल्याला फोन लावला. स्पीकरवर, मावशींच्या समोर. माणूस तोंडाचा गोड. कपल आहे का, ॲनिव्हर्सरी आहे का, बोटीवर फुगे लावू का, केक कापायचाय का. मावशींनी मला हातानं थांबवलं आणि म्हणाल्या, "फुगं नको सांगा त्याला."

मी म्हटलं, पूर्वेकडची बेटं नकोत, पश्चिमेच्या अंगाला, आंध्राच्या बाजूला चला, वंडूरकडून, परवानगी असेल तिथवर बाहेर. तो गोंधळला. "मैडम, उधर कुछ नहीं है. न कोरल, न बीच. सिर्फ पानी है."

"तेच बघायचंय," मावशी फोनकडे तोंड करून म्हणाल्या. आणि लगेच, "त्याला इचारा, येताना एक माणूस जास्त झालं तर होडी पेलंल का?"

मी विचारलं. काय करणार, विचारलं. "नहीं मैडम. जेट्टी पे गिनती होती है. जितने जाएंगे, उतने ही आएंगे."

मावशींना हिंदी पुरेसं कळत होतं. त्यांनी टेबलावरचं तिसरं बोट उचललं आणि मुठीत घेतलं. ह्या बाईचा मला तोवर आलेला सगळा वैताग त्या मुठीपाशी संपला. मी त्याला म्हणाले, गिनती राहू दे तुझी, पण बोटीत एक लाइफ जॅकेट जास्तीचं ठेव. त्यानं का म्हणून विचारलं नाही. रख दूँगा, म्हणाला.

"मापाचं ठेव म्हणावं," मावशी म्हणाल्या. "छाती रुंद हे त्याची."

ते दोघं गेले. होडीच्या दिवशी माझं कामात लक्ष नव्हतं, दुबईवाल्या एका कुटुंबाला मी सिंगापूरचा कार्यक्रम पाठवून दिला. संध्याकाळी होडीवाल्याचा फोन आला. चिडलेला होता. "मैडम, एक जैकेट कम है. आंटी ने पानी में डाल दिया."

हळूहळू त्यानं सगळं सांगितलं. जाताना जॅकेट मावशींच्या मांडीवर होतं. त्याचे पट्टे त्यांनी सैल केले, बकलं एकेक करून लावली. परवानगीची हद्द आली तेव्हा इंजिन बंद करायला लावलं. चहूकडे पाणी. त्या उभ्या राहिल्या, काकांनी मागून कमरेला धरलं. त्यांनी मुलाला हाक मारली. घरातल्या घरात जेवायला बोलवावं तशी, फार मोठ्यानंही नाही. मग बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या. शेवटी वाकून जॅकेट पाण्यावर ठेवलं. फेकलं नाही, ठेवलं. ते दिसेनासं होईपर्यंत त्यांनी इंजिन सुरू करू दिलं नाही, आणि मग "चला" म्हणाल्या.

"मैडम, उनका कोई डूबा था क्या?" त्यानं विचारलं.

मी हो म्हटलं. "फिर रहने दीजिए जैकेट," तो म्हणाला.

येतानाच्या विमानात तिसरी सीट त्या दोघांच्या मधली होती. काकांनी मला फोनवर सांगितलं. मागच्या रांगेतल्या एका बाईच्या मांडीवर तान्हं होतं, तिला पाय ताणायला जागा नव्हती. हवाईसुंदरीनं विचारलं, इथं कोणी आहे का? काकांनी मावशींकडे बघितलं. मावशींनी पिशवी उचलून घेतली. म्हणाल्या, "बसू द्या तिला." सांगताना काका रडत होते. मीही इकडे दार लावून रडले, त्यात लपवायचं काय.

मग रामकुंडावर सगळं झालं. मावशी शब्दाला जागल्या, आडव्या आल्या नाहीत. काका म्हणाले, पुतळा जळताना ती हात जोडून उभी होती आणि घरी आल्यावर गहू निवडायला बसली.

त्यानंतर, लग्नाच्या थोडं आधी, होडीवाल्याचा पुन्हा फोन आला. ह्या वेळी खुशीत होता. "मैडम, वो जैकेट मिल गया. किनारे पे आ गया था अपने आप. बकल भी वैसे ही लगे हुए हैं. आंटी को बता दीजिए."

जे त्या पाण्यात सोडून आल्या होत्या, ते पाण्यानं परत आणून दिलं होतं. एवढा समुद्र ओलांडून जॅकेट येतं, तर मुलगा का नाही, हा प्रश्न मावशींना पडायला कितीसा वेळ लागला असता? मी त्याला सांगितलं, धुऊन वापर, आणि पुन्हा ह्या विषयावर मला फोन करू नकोस.

दोनच दिवसांनी मावशी पत्रिका घेऊन आल्या. एकट्याच. नेहमीच्या खुर्चीत बसल्या. पिशवी मांडीवर घेतली. शेजारची खुर्ची रिकामी होती, आणि मला ती बघवेना. पत्रिकेवर हळदकुंकू लावलेलं होतं, दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरून "यायचं बरं का," म्हणाल्या. चहा घेतला. मग कपाकडे बघत त्यांनी विचारलं, "त्या होडीवाल्याचा फोन येतो का हो?"

"येतो कधीमधी. कामाचा."

"जाकिटाचं काय म्हणला? सापडलं का?"

मी सरळ त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "नाही मावशी. गेलं ते." धडधडीत खोटं. उद्या कोणी शपथ घालून विचारलं तरी मी हेच बोलेन.

त्यांनी मान हलवली. चेहऱ्यावर काय आलं ते मला नीट सांगता येणार नाही, पण खांदे खाली आले. कितीतरी वर्षांनी आले असावेत.

"मग बरं झालं," मावशी म्हणाल्या. "म्हणजे पोचलं त्याला."

त्या उठल्या. पिशवी काखेत घेतली आणि निघताना शेजारची रिकामी खुर्ची टेबलाखाली नीट सरकवून ठेवली.