आईनं लग्नातून आणलेली मिरी

माझं लग्न गुहागरला, बायकोच्या माहेरी झालं. अक्षता पडल्या, सगळे फोटोला उभे राहिले, तर आईचा पत्ताच नाही. शोधत मी मागच्या सुपारीच्या बागेत गेलो. पैठणीचा पदर खोचून आई मिरीचा वेल कापत होती आणि सासूबाई हौसेनं फांदी धरून उभ्या होत्या.

"आई, अगं सगळे थांबलेत!"

"थांबू देत. असले घोस आपल्याकडे रत्नागिरीत बघितलेस कुठे?"

"विहीणबाई, मुळं फुटलेला घ्या, लगेच धरेल," सासूबाई म्हणाल्या.

परतताना ओल्या फडक्यातला तो वेल नवरीच्या मांडीवर होता. आता तो आमच्या आंब्यावर उंच चढलाय. दोघी विहिणी रोज फोनवर खतापाण्याचं बोलतात. आमची चौकशी अगदी शेवटी, आठवली तर.