टेकू लागेपर्यंत कुणी उतरायचं नाही

एकाहत्तरच्या लढाईत मी शत्रूच्या सुरुंगांतून वाट काढणाऱ्या तुकडीत होतो. सेक्शनमधले दहाच्या दहा जण परत आणले. माणूस गमावला तो नंतर, शांततेच्या काळात, मुळशीत, पुलाच्या पायासाठी खणलेल्या खड्ड्यात. हे सांगताना अजूनही माझा आवाज चढतो. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

मी हवालदार रशीद मुलाणी. गाव पौड. सैन्यात सॅपर, म्हणजे पूल, रस्ते आणि सुरुंगांचं काम करणारा शिपाई. लढाईनंतर नऊ-दहा वर्षांनी, जानेवारीत, आमची प्लाटून मुळशीला आली. तिथल्या ओढ्यावरचा जुना पूल खचला होता. आम्ही लोखंडी तात्पुरता पूल टाकायचा, शेजारी कंत्राटदार पक्का बांधणार. आमचा पूल सहा दिवसांत उभा राहिला. देखभालीसाठी माझं सेक्शन तिथेच ठेवलं. ०६०० पीटी. ०७०० नाश्ता. ०८०० पुलाचे बोल्ट तपासणे.

शेजारी कंत्राटदाराची चाळीसेक माणसं होती. त्यांत निम्म्या बाया. पायांत काही नाही, डोक्यावर चुंबळ आणि घमेलं. पायाचा खड्डा बारा फूट खोल. भिंती सरळ उभ्या, आत ना फळी ना टेकू. काढलेली माती काठावरच रचलेली आणि तिच्या शेजारी पाणी उपसायचा डिझेल पंप.

मी मुकादमाला गाठलं. त्याचं नाव दिघे.

"दिघे, माती मागं टाका. आत फळ्या लावून आडवे टेकू द्या."

"मुरूम हाय त्यो, हवालदार. दगडावानी घट्ट. काय व्हत न्हाई."

"पाणी सुटलंय त्याला."

"मंग पंप हाय की."

तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा लेखी दिलं. त्याने कागद वाचला, घडी घातली आणि त्यात तंबाखू बांधली. बांधकाम खात्याचे ओव्हरसियर आठवड्यातून एकदा जीपमधून यायचे. ते म्हणाले, तुमच्या साहेबांकडून आमच्या साहेबांना पत्र येऊ द्या. पत्र गेलं. उत्तर आलं की पत्र मिळालं.

शेवटी मी आमच्या कंपनी कमांडरची परवानगी काढली आणि रोज ०७४५ ला मजुरांचा पंधरा मिनिटांचा वर्ग सुरू केला. शिकवायला लान्स नाईक विठ्ठल कोंढरे. वेल्ह्याकडचा, सव्वीस वर्षांचा, माझ्या सेक्शनमधला सगळ्यांत हुशार जवान. मी बोललो की लोक सावधानमध्ये उभे राहायचे, तो बोलला की खाली बसून ऐकायचे. आम्ही बारा जुनी हेल्मेटं वाटली. दुसऱ्या दिवशी त्यांतली तीन डोक्यांवर दिसली. एकात कोंबड्यांचे दाणे होते. दिघे स्वतःच्या हेल्मेटाने सिमेंट मोजत होता. मी संतापलो. विठ्ठल म्हणाला, "सर, उद्या चार दिसतील."

वर्गात प्रश्न विचारणारी एकच बाई होती, हौसाबाई. ती आणि तिचा नवरा दोघंही कामावर होते.

"भित पडायच्या आदी कळतंया का वो?" तिने विचारलं.

"कळतं," विठ्ठल म्हणाला. "काठाला भेग पडती. खडे सुटाया लागत्यात. दिसलं की वर यायचं. कुनाला इचारायचं न्हाई."

"आन् कुनी गाडलं गेलं तर?"

"तर वरच्यांनी उडी घालायची न्हाई. आदी टेकू, मंग मानूस. न्हाईतर दोन मरत्यात."

हे त्याचेच शब्द. रोज सांगायचा.

वर्गाच्या अकराव्या दिवशी, १०४० ला, खडीचा ट्रक मागे घेताना दिघेने त्याला काठापर्यंत बोलावलं. मी पुलावर होतो. खड्ड्यातून हौसाबाईची हाक ऐकू आली, "भेग! वर चला, भेग!" खड्ड्यात तिघं होती. एक जण शिडीवरून सुटला. हौसाबाई त्याच्या मागे असती, पण तुकाराम नावाच्या बिगाऱ्याला पंपाच्या आवाजात ऐकू आलं नाही, म्हणून त्याला ओढायला ती मागे वळली. भिंत बसली. तुकाराम पूर्ण गाडला गेला, हौसाबाई छातीपर्यंत.

विठ्ठल माझ्या आधी काठावर पोचला.

"कोंढरे, थांब! टेकू लागेपर्यंत कुणी उतरायचं नाही."

त्याने माझ्याकडे पाहिलं. ऐकलं. आणि उतरला. हातांनीच हौसाबाईच्या तोंडाजवळची माती उपसू लागला. दोन मिनिटं गेली असतील. भिंतीचा दुसरा काप कोसळला. विठ्ठल दिसेनासा झाला.

मग सगळेच धावले. मी सेक्शनला काठावर कडं करायला लावलं. पंप बंद. ट्रकचं इंजिन बंद, गाडी जागची हलवायची नाही. काठावरची माती मागे ओढा. पुलाच्या फळ्या आणि वासे आणा. हौसाबाईचा नवरा माझ्या छातीवर आपटला.

"सोड मला! तुजी बायकू असती तर हुबा ऱ्हायला असतास का?"

मी त्याला सोडलं नाही. खालून हौसाबाईचा आवाज येत होता. विठ्ठलचा येत नव्हता.

आमच्या ऑपरेटरने कंपनीला वायरलेस लावला; तिकडची खूण 'एक', आमची 'चार'.

"एक, मी चार. कॅज्युअल्टी तीन. ॲम्ब्युलन्स पाठवा. ओव्हर."

"चार, मी एक. कॅज्युअल्टी आपल्या की सिव्हिलियन? ओव्हर."

"मातीखाली आहेत. ॲम्ब्युलन्स पाठवा. ओव्हर."

"चार, आपल्या की सिव्हिलियन? ओव्हर."

मी हँडसेट ऑपरेटरच्या हातात परत दिला.

१०५८ ला खड्ड्यात फळ्या-वाशांची पहिली चौकट बसली. १११२ ला हौसाबाई बाहेर आली, मांडीचं हाड मोडलेलं, पण जिवंत. ११२१ ला विठ्ठल सापडला. नर्सिंग असिस्टंटने पंधरा मिनिटं प्रयत्न केले. ११५० ला तुकाराम.

पुढच्या आठवड्यात कंत्राटदाराने त्या खड्ड्याला फळ्या आणि टेकू लावले. दोन दिवसांचं काम होतं. दोन दिवसांचं!

चौकशी झाली. मला विचारलं, "ऑर्डर दिली होती?" दिली होती. "त्याने ऐकली होती?" ऐकली होती. यापलीकडे काही लिहून घेतलं नाही. दिघेने सांगितलं की आपल्याला कुणी काही कळवलं नव्हतं. माझ्या कागदाची प्रत दाखवली, तेव्हा म्हणाला, वाचता येत न्हाई. माझ्यासमोर कागद वाचला होता.

विठ्ठलला घेऊन मीच त्याच्या गावी गेलो. आठवड्याने पुन्हा गेलो, तेव्हा त्याच्या आईने ओसरीवर बसवलं आणि सरळ विचारलं.

"लोकं म्हनत्यात शूर होता. तुमी सांगा. चुकला का त्यो?"

 मी म्हणालो, "चुकला, आई."

"आन् तुमी?"

"मी उतरलो नाही."

"ती बाई जगली न्हवं?"

"जगली."

ती उठली आणि पाणी घेऊन आली.  मी निघताना म्हणाली, "त्याला येडा म्हनू नगा कुटं."

तुकारामचं आडनाव साइटवर कुणालाच ठाऊक नव्हतं. हजेरीच्या वहीत नुसतं 'तुकाराम, बिगारी'. ते शोधायला मला चार दिवस लागले. त्याला दोन मुली होत्या.

पक्का पूल पुढच्या वर्षी झाला. त्याच्या कठड्यावर उद्घाटनाची फरशी बसवली आहे. तिच्यावर सहा नावं आहेत, हारतुऱ्यांच्या मानकऱ्यांची. मी त्या वाटेने गेलो की दर वेळी ती वाचतो आणि दर वेळी डोकं तापतं. त्या सहांपैकी एकही जण त्या खड्ड्यात उतरला नव्हता. जे उतरले आणि जिवंत वर आले नाहीत, त्यांची नावं मी इथं लिहून ठेवतो.

लान्स नाईक विठ्ठल कोंढरे, सॅपर.

तुकाराम वाघमारे, बिगारी.