मशीनला वाजणारी थंडी

बाबा गेले ते पूस महिन्यात, सकाळी. आभाळ भरून आलेलं आणि वारा इतका गार की बोटं वळत नव्हती. आपल्या सरणाला कोणतं लाकूड लावायचं, हे त्यांनीच सांगून ठेवलं होतं. धानाच्या शेताच्या बांधावर, म्हणजे धुऱ्यावर, त्यांच्या हातचा आंबा होता, तो दोन वर्षांपासून उभ्या उभ्या वाळला होता. "याले कोणी हात लावू नका, हा माह्यासाठी हाय," ते म्हणायचे. आम्ही हसण्यावारी न्यायचो. आता ते लाकूड दिवस बुडायच्या आत स्मशानात पोचवायचं होतं. पुसातला दिवस तो केवढा!

बुंधा दोघांच्या कवेत न मावणारा. कुऱ्हाडीनं रात्र झाली असती. पण घरात लाकूड कापायची चेनची मशीन होती. ती लाकडाच्या ठेकेदाराची. बपेऱ्याकडच्या जंगलात बाबा तीच चालवत. दिवाळीनंतर त्यांनी अंथरूण धरलं तशी ती कोपऱ्यात पडून होती. मी तुमसरच्या राईस मिलमध्ये फिटर, सुट्टीत बाबांसोबत ती चालवलेली. म्हणून मी आणि काका ती घेऊन धुऱ्यावर गेलो.

मशीन सुरू झाली. झाड पडलं. बुंध्याचे तुकडे करायला घेतले आणि धूर निघू लागला. चेन ज्या पट्टीवर फिरते ती निळी पडू लागली होती. मशीन बंद करून चेनला बोट लावलं, तर ती कोरडी ठणठणीत आणि चटका बसेल अशी. चेनला तेल मिळत नव्हतं. अशीच चालवली असती तर चेन तुटून अंगावर आली असती.

पट्टी काढली, तिची खाच खिळ्यानं खरवडली. तेल यायचं भोक तारेनं मोकळं केलं. पुन्हा जोडून मशीन सुरू केली आणि पट्टीचं टोक ताज्या कापलेल्या लाकडासमोर धरलं. तेल येत असेल तर त्यावर ओली रेघ उमटते. काही उमटलं नाही. पुन्हा खोललं, पुन्हा जोडलं, पुन्हा तेच. माझं डोकं आधीच गरम. बाप घरात निजलेला आणि मी इथं खिळा घेऊन बसलोय, याचाच राग आला होता. मी मशीनला शिवी दिली.

"तिच्यावर काहून चिडून राहिला?" काका म्हणाले. "टाकी पाहिली का?"

टाकी पाहिली नव्हती. मशीन जड लागत होती, म्हणजे तेल भरलेलंच आहे असं धरून चाललो होतो. झाकण काढलं. आत तुपासारखं पांढरट, घट्ट काहीतरी. वासावरून लगेच कळलं. मोहाच्या बियांचं तेल, आई दरवर्षी गाळून आणायची ते. ठेकेदाराचं काळं तेल बाबांना आवडायचं नाही. "लाकडाचा भुसा चुलीत जाते. त्यात हे काळं तेल कायले?" म्हणून ते घरचं तेल भरायचे. थंडीत ते गोठतं, हे मला ठाऊक असून सुचलं नव्हतं. आजारी पडण्याआधी त्यांनी स्वतःच्या हातानं टाकी भरून ठेवली होती.

काका खाली जाळ करू म्हणाले. पेट्रोलची टाकी शेजारीच, मी नको म्हटलं आणि मशीन उचलून घरी नेली.

अंगणात बाबांच्या आंघोळीचं पाणी तापत होतं. आई त्यांच्या उशाशी बसली होती. मशीन पाहून तिनं विचारलं, "तेल येत नाही ना?"

मी मान हलवली. ती उठली. दारामागचं गोणपाट काढलं, पाण्याखालच्या जाळावर दोन्ही बाजूंनी शेकलं, जाळापासून लांब आणून मशीनभोवती घट्ट गुंडाळलं आणि वरून तळहातानं दाबून धरलं.

"हिवाळ्यात रोज सकाळी मी असंच करून देत होती," ती म्हणाली. "थे म्हणत, मशीनले थंडी वाजून राहिली, पांघरूण दे."

मला वाटायचं, बाबा तिची थट्टा करतात.

तिनं चारपाचदा गोणपाट शेकलं. तेल सुटलं. धुऱ्यावर आलो आणि लाकडासमोर पट्टीचं टोक धरलं, तर ओली रेघ उमटली. काकांनी डोळे पुसले. मी मात्र कापत राहिलो, वेळच नव्हता.

दिवस बुडायच्या आत आम्ही बाबांना अग्नी दिला. आंबा धडधडून पेटला आणि कापलेल्या टोकांवरून मोहाच्या तेलाचा वास आला. जंगलातून आल्यावर बाबांच्या सदऱ्याला यायचा, तोच. तोवर मी रडलो नव्हतो. तिथं मला आवरेना.

तेरवी झाल्यावर ठेकेदाराचा माणूस मशीन न्यायला आला. आईनं त्याला थांबवलं, चुलीवर गोणपाट शेकून आणलं आणि मशीनला गुंडाळून दिलं.

तो हसला. "बाई, हे कायले? तिथं तं काळं तेल टाकतो आमी."

"असू द्या," आई म्हणाली. तो गेल्यावर ती बराच वेळ चुलीपाशी बसून राहिली, शेकायला हातात काहीच नव्हतं.