मागच्या गेटची रेघ

आमचं ऑफिस बोईसरला, हार्डवेअरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. तारापूरच्या कारखान्यांना आम्ही हजेरीचं वेब ॲप पुरवतो. कामगार गेटवर आला की मोबाइलवर पान उघडतो, स्वतःचा फोटो काढून पाठवतो, हजेरी लागते. पान किती वेळात उघडलं, फोटो किती वेळात पोचला, हे प्रत्येक गेटसाठी वेगवेगळं सतत मोजलं जातं आणि एका सर्च इंजिनात साठवलं जातं. ते इंजिन मुळात ॲपमधल्या बिघाडांच्या नोंदी शोधायला घेतलेलं. सर्व्हरवर होतंच, म्हणून मोजमापंही त्यातच ओतली. मोजमापांसाठी वेगळी सोय करू या, असं मी दोनदा सुचवलं. मग सुचवायचं सोडलं.

आमच्या बिल्डिंगखाली जवळच्या किनाऱ्यावरच्या नवापूरची एक मासेवाली येते. तिची सून एका औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला आहे, कंत्राटी. महिन्यात तीन लेट झाले की कंत्राटदार गेटपास थांबवतो. सुनेचा थांबला.

"ताई, तुजं मशीन खोटारडं हाय," मांदेली वाट्यात टाकता टाकता ती म्हणाली. "पोर टायमाच्या आदी गेटवर उबी. फोटो काडला. चकरी फिरते नि फिरते. फोटो पोचला तवा लेट."

"मशीन माझं नाही, कंपनीचं आहे."

"मंग पगार तुला कोन देतं?"

मी मांदेली घेतली आणि ऑफिसला गेले.

पास थांबवण्याआधी कंत्राटदाराने याबद्दल आमच्या सरांना विचारलं होतं, आणि मागच्या गेटवर ॲपचा काही त्रास दिसत नाही, असं सरांनी कळवूनही टाकलं होतं. त्यांनी मला फोटो पोचायला लागणाऱ्या वेळेचा आलेख दाखवला. पुढच्या गेटची रेघ रोज सकाळी थोडी चढून उतरत होती. मागच्या गेटच्या चौकटीत काहीच नव्हतं.

"बघा मॅडम, एकदम क्लीन."

"सर, शून्याचीसुद्धा तळाशी रेघ येते. इथे रेघच नाही."

"तुम्ही फार खोलात जाता."

खोलात जायलाच मला ठेवलंय. ज्याने हे सगळं बसवलं तो केव्हाच पुण्याला गेला होता. 'गेट' असा एकच रकाना करून त्यात गेटाचं नाव भरायचं, तर त्याने प्रत्येक गेटासाठी स्वतंत्र रकाने काढले होते. सर्च इंजिन असे रकाने एका मर्यादेपर्यंतच घेतं. गिऱ्हाइकं वाढली, गेटं वाढली, मर्यादा भरली. त्यानंतरच्या गेटांची मोजमापं इंजिन नाकारत राहिलं, आणि नाकारलेलं आमचं ॲप मुकाट्याने टाकून देत राहिलं. मोजमापापायी हजेरी अडू नये म्हणून ती सोय केलेली होती. औषधाच्या कारखान्याचं मागचं गेट उशिरा उघडलेलं. तिथून फक्त कंत्राटी बाया आत जातात.

सगळे रकाने मोडून एक केला. पाठ धरली, घरी दोन दिवस खिचडी झाली. मग मागच्या गेटची रेघ उमटली. पहिल्या शिफ्टच्या तोंडावर ती सरळ वर गेली आणि बराच वेळ खाली आलीच नाही.

खात्री करायला दुसऱ्या सकाळी मी स्वतः गेटवर उभी राहिले. बाया हात वर करून मोबाइल धरून होत्या, जणू उंचावर फोटो लवकर जातो. सिक्युरिटीवाला माझ्याकडे बघून हसला. "मॅडम, रोज का है. चकरी भी घूमती है, हम भी घूमते हैं." फोटो पाठवला ती वेळ कुणी धरतच नव्हतं. सर्व्हरवर पोचला ती वेळ हजेरीला लागत होती.

हे सगळं छापून मी पालघरला कंत्राटदाराकडे गेले.

"हे आत्ताचं झालं," तो म्हणाला. "ती ज्या दिवशी लेट झाली त्या दिवसांचं दाखवा."

"त्या दिवसांचं माझ्याकडे काही नाही. तुम्ही ज्या आलेखाच्या जोरावर पास थांबवलात, त्यातही नाही."

त्याने कागद उलटसुलट केले, चहा मागवला. "बरं, येऊ दे सोमवारपासून. पण नवीन भरती म्हणून. जुना पास सिस्टिममध्ये बंद झालाय."

"तो उघडतो. मला माहीत आहे, तसं बटण आहे."

"असेल. आमच्याकडे पद्धत नाही."

चहा संपेपर्यंत मी भांडले. उत्तर बदललं नाही. सुनेची पाच वर्षांची नोकरी पहिल्या दिवसावर आली. ती सोमवारी गेली. जाणारच होती.

मासेवाली आली तेव्हा मी सांगितलं, लागली कामाला.

"लागली. नि पाच वर्सं कुटं गेली?"

मी पिशवी पुढे केली.

"तू मागं सांगितलंस ते सोदायचं मशीन तुज्याकडं हाय ना? मंग सोद की."

"त्यात जे घातलं असेल तेच सापडतं, मावशी."

"मंग घालत जा," ती म्हणाली, आणि टोपली उचलून पुढच्या बिल्डिंगकडे गेली.

आता एखाद्या गेटची रेघ फार वर गेली की मला सूचना येते, आणि रेघ नाहीशी झाली तरी येते. दुसऱ्या प्रकारच्या जास्त येतात. सर म्हणतात ती दुसरी सूचना बंद करा, उगाच त्रास. मी केलेली नाही.