स्टेजखालचे बरगे

आमच्या गावाला पाण्याची हौस फार. पण ते साठवायची नव्हे, पुजायची. म्हसवडच्या अलीकडे ओढ्याकाठी आम्ही पिढ्यान्‌पिढ्या पावसाची वाट बघत बसलोय आणि त्या रिकाम्या वेळात आम्ही पूजेचं शास्त्र तेवढं पक्कं करून ठेवलंय. टँकर आला की त्याला हार. बोअर मारायची गाडी आली की तिच्या चाकाखाली लिंबू. बोअर कोरडी गेली तर नारळाचं खोबरं वाटून घेऊन सगळे समाधानाने घरी जातात. एकदा नळयोजनेच्या पाइपांचं पूजन झालं. ते पाइप अजून पंचायतीच्या मागे पडून आहेत आणि त्यात दरवर्षी कुत्री वितात.

मी या गावचा मेजर. खरं म्हणजे मी फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालो, पण गावातलं बढतीचं खातं लष्करापेक्षा उदार आहे. मी नको म्हणालो नाही. माणसाला कुठे नको म्हणावं हे कळायला हवं, आणि मला ते कधी कळलेलं नाही. ही सगळी हकीकत त्याचीच आहे.

ओढ्यावर आमचा एक बंधारा आहे. म्हणजे ओळीने उभे सिमेंटचे खांब, आणि खांबांना खाचा. त्या खाचांत लोखंडी फळ्या एकावर एक सरकवायच्या. या फळ्यांना बरगे म्हणतात. बरगे घातले तर पाणी अडतं, नाही घातले तर बंधारा म्हणजे नुसती शोभा. पावसाळ्यात एखादा लोंढा आला तर काठ फुटू नये म्हणून बरगे काढून ठेवतात, आणि भंगारवाल्याच्या हाती लागू नयेत म्हणून पंचायतीच्या गोदामात कुलूपबंद ठेवतात. त्या कुलपाची चावी गावाने माझ्याकडे दिली होती. फौजी माणूस, शिस्तीचा, असं ग्रामसभेत सांगून दिली होती. लोकांनी टाळ्याही वाजवल्या होत्या.

गेल्या पावसाळ्यात कृष्णेला पूर आला. कराडला संगमाजवळ राहणारी माझी बहीण रोज फोनवर पाणी कुठल्या पायरीला लागलं ते सांगायची. आमच्याकडे तेव्हा धुरळा उडत होता. पुराचं वाहून जाणारं पाणी पंपांनी उचलायचं, कालव्यातून आमच्या कोरड्या बाजूला आणायचं आणि ओढ्या-ओढ्यांत सोडायचं, असं ठरलं. आमच्या ओढ्याच्या वाट्याला एक दिवस होता. सकाळी कालव्याचं दार उघडणार, दुसऱ्या सकाळी बंद होणार, आणि पाणी पुढच्या गावाला जाणार. एक दिवस म्हणजे थोडा नव्हे. बरगे जागेवर असले तर बंधारा काठोकाठ भरून वर दोन गावांना पुरेल एवढं पाणी त्यात होतं.

त्याची सगळ्यात जास्त वाट बघत होती माझी चुलती. तिची विहीर बंधाऱ्याच्या खाली, हाकेच्या अंतरावर. बंधारा भरला की विहिरीला पाझर सुटतो. मग तिला मका करता येतो आणि मेंढरांना पाणी पाजता येतं. नाही भरला तर दसरा झाला की मेंढरं हाकत कराडच्या बाजूला, उंब्रजच्या पुढे, उसाच्या मुलखात जायचं. तिकडे लोकांच्या रानात कळप बसवायचा आणि पाऊस पडायच्या सुमाराला परत यायचं. चुलता गेल्यापासून ती आणि तिचा मुलगा दोघंच जातात. तिचा उजवा गुडघा आता वाकत नाही. गेल्या खेपेला येताना वाटेत दोनदा खाली बसली होती. पाणी येणार म्हणून कळल्यावर ती माझ्या ओट्यावर येऊन म्हणाली, ‘औंदा मी न्हाई जायची. तेवढं बरगं नीट बसवून घे, म्हंजी झालं.’

मी म्हटलं, काळजी करू नका. मेजरच्या आवाजात म्हटलं.

आता गावाने काय केलं ते सांगतो. पाणी येणार म्हटल्यावर बरगे कोण बसवणार याची चर्चा पाच मिनिटं झाली आणि जलपूजनाची दोन दिवस. पाणलोट समितीचे अध्यक्ष या कामात तरबेज. साहेब येणार होते, म्हणजे आमच्या भागातले मोठे पुढारी. त्यांच्यासाठी ओढ्याच्या काठावर मांडव, स्टेज, सोफा. ओटी भरायला हिरवी साडी आणि खण. स्टेजवर एक लाल कळ बसवली होती. साहेबांनी ती दाबली की पाणी सुटणार, असं अध्यक्ष सगळ्यांना सांगत होते. ती कळ कशालाच जोडलेली नव्हती. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि तरी पोरांना कोणी तिला हात लावू देत नव्हतं.

आदल्या दिवशी संध्याकाळी मांडववाला रडकुंडीला आला. वरच्या गावातही जलपूजन होतं आणि त्याच्या स्टेजच्या फळ्या तिकडे अडकल्या होत्या. साहेबांना जमिनीवर कसं बसवायचं, हा गावापुढे प्रश्न पडला. पिण्याच्या पाण्यावर या गावाने इतका गंभीर विचार केलेला मी पाहिला नाही. शेवटी अध्यक्षांनाच सुचलं. गोदामात बरगे आहेत, लोखंडी आहेत, सारखे आहेत. पिंपांवर टाकले की झक्कास स्टेज. सत्कार उरकला की काढायचे आणि बंधाऱ्यात बसवायचे, दहा पावलांवर तर बंधारा. एक-दोघांनी शंका काढली, तर अध्यक्ष म्हणाले की पूजा वाहत्या पाण्याची असते, अडवलेल्या पाण्याची कोण करतं? यावर सगळ्यांनी मान डोलावली. मूर्खपणा धर्माच्या अंगाने आला की आमच्याकडे त्याला कोणी अडवत नाही.

आणि मग ते माझ्याकडे आले. मी नाही म्हणणारच होतो. तेवढ्यात अध्यक्ष म्हणाले की सत्काराच्या यादीत माझंही नाव आहे. शाल, फेटा, श्रीफळ, साहेबांच्या हस्ते. मी उठलो, चावी घेतली आणि गोदाम उघडून दिलं. वर एक एक बरगा मोजून दिला आणि नोंदवहीत सही घेतली. शिस्तीचा माणूस.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला कार्यक्रम होता. साहेब म्हसवडला दर्शन घेऊन येणार होते. बारा वाजले, एक वाजला. बायका डोक्यावर कलश घेऊन उन्हात उभ्या होत्या. मी फेटा बांधून स्टेजवर, सोफ्याच्या मागच्या खुर्चीवर बसलो होतो. कालव्यावरच्या माणसाला साहेबांच्या येण्याची वेळ कोणी कळवली नव्हती आणि लाल कळीबद्दल तर त्याने ऐकलंही नव्हतं. त्याने सांगितल्याप्रमाणे सकाळीच दार उघडलं होतं. दुपारी दीडच्या सुमाराला ओढ्याच्या वळणावर आधी फेस दिसला, मग काटक्या आणि त्यांच्या मागून पाणी. तांबडं, गढूळ, कृष्णेचं पाणी. माझ्या बहिणीच्या दारातून निघालेलं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाणी खांबांच्या मधून, मोकळ्या खाचांना न शिवता सरळ पुढे गेलं.

चुलती स्टेजच्या पायऱ्यांपाशी आली. तिने आधी अध्यक्षांकडे पाहिलं. ‘आवं, पानी आलंय,’ ती म्हणाली. ‘सायेब मागनं येऊ द्यात. श्टेज मोडा अन्‌ बरगं घाला.’

अध्यक्षांनी तिला समजावलं की साहेब वाटेत आहेत, अर्ध्या तासात येतील, आणि आल्यावर त्यांना स्टेज मोडलेलं दिसलं तर पुढच्या वर्षी पाणी कोण देणार? मग तिला बायकांच्या रांगेत उभं राहायला सांगितलं. ती गेली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. आवाज अजिबात चढवला नाही.

‘तू तरी ऊठ रं.’

मी उठलो असतो तर चार पोरं माझ्या मागे उठली असती. स्टेजवरचा गालिचा ओढायला किती वेळ लागतो? संध्याकाळच्या आत बरगे बसले असते, मधल्या फटींत माती ठासली असती, आणि रात्रभराच्या पाण्यात बंधारा भरला असता. मला हे सगळं तेव्हाच माहीत होतं. पण फेटा होता डोक्यावर. साहेब अर्ध्या तासात येणार होते. मी तिला हाताने जरा थांबा अशी खूण केली.

साहेब साडेचारला आले. त्यांनी कळ दाबली, आणि तीन तासांपासून वाहणारं पाणी सुटलं म्हणून लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. साडी पाण्यात सोडली, ती पहिल्याच खांबाला अडकली. त्या दिवशी आमच्या बंधाऱ्याने अडवलं ते तेवढंच. साहेब थेंबन्‌थेंब अडवा या विषयावर बोलले, खालच्या बरग्यांवर पाय आपटून आपटून बोलले. माझा सत्कार झाला. फोटोत माझ्या मागे पाणी जाताना स्पष्ट दिसतं.

गाड्या गेल्या तेव्हा अंधारत आलं होतं. मांडववाल्याची माणसं जेवायला बसली. आम्ही कसेबसे खांबांमधल्या दोन गाळ्यांतले बरगे घातले, बाकीचे काठावर राहिले. सकाळी कालव्याचं दार बंद झालं. बंधाऱ्यात गुडघाभर डबकं उरलं आणि चतुर्थीच्या आत तेही आटलं. त्यावर समितीची बैठक झाली. बैठकीत ठरलं की पुढच्या वर्षी मांडववाला बदलायचा. मीही त्यावर सही केली.

चुलती माझ्याशी भांडली असती तर बरं झालं असतं. मी दोनदा तिच्या घरी गेलो, तिने चहा दिला आणि मेंढरांच्या खुरांबद्दल बोलत राहिली. माझी स्वतःबद्दलची चीड मी मग बाकीच्यांवर काढत हिंडलो. अध्यक्षांना शिव्या दिल्या, साहेबांना दिल्या. अजूनही देतो, हे वाचणाऱ्याच्या लक्षात आलंच असेल.

दसऱ्यानंतर तिचा कळप निघाला. घोड्यावर बाजलं, भांडी, कोंबड्यांची पाटी. गुडघ्याला तिने जुन्या लुगड्याची पट्टी घट्ट बांधली होती. मुलगा पुढे गेला होता. ती माझ्या ओट्यापाशी थांबली, कनवटीची घराची चावी काढली आणि माझ्या हातावर ठेवली.

‘ही तुझ्याजवळच ठिवते,’ ती म्हणाली. ‘ही तरी कुणाला दिऊ नगंस.’