आपट्याचे खेकडे

लिहिणं हे माझं काम नव्हे, म्हणून आधीच माफी मागतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि पुढची सारी लिखापढी पंचनाम्यांची. पण आपटा गावचा पंचनामा अजून मनातून जात नाही. तो मी चुकीचा लिहिला होता.

नव्वदीची सुरुवात. मी पनवेल तालुक्यात फौजदार होतो. आपट्यापाशी पाताळगंगा नदीत मासे मरून वर आल्याची खबर पोलीस पाटलांनी आणली. "कातकऱ्यांनी गेळफळ घातलं, दुसरं काय?" गेळफळ ठेचून डोहात टाकलं की मासा गुंगतो, ही त्यांची जुनी रीत. मी नदीवर न जाता तसंच लिहिलं आणि कातकऱ्यांच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्याला ठाण्यात आणलं.

"आमी नाय घातला, सायेब," एवढंच तो म्हणे.

हवालदार वैतागले. "मग मासे काय रुसून मेले, बाबा?"

"तुमी खेकडा बगितलाव का? गेळफळानं मासा गुंगतो, खेकडा नाय मरत. आन आमी धरलेला मासा आमी खातो. ह्यो कावळा पन खात नाय."

मी त्याला जीपमध्ये घालून नदीवर गेलो. काठाला खेकडे उताणे पडले होते. तो पाहत पाहत वरच्या अंगाला चालत राहिला. नदीला मिळणारा एक ओढा ओलांडला आणि पुढे चिखलात जिवंत खेकडे पळताना दिसले. म्हणजे विष ओढ्यातून आलं होतं. ओढ्याच्या काठी टँकरच्या चाकांचे व्रण होते. दोन दिवस पाळत ठेवली, टँकर सापडला. कारखान्याचं सांडपाणी तिथे ओतत असल्याचं ड्रायव्हरने कबूल केलं.

पण माझा पहिला कागद वर पोहोचला होता. नदी वाचवायचे नियम करणाऱ्या जिल्ह्याच्या समितीने त्यावरूनच मसुदा केला: वाडीला मासेमारी बंद. टँकरबद्दल अक्षर नाही.

"मंग आमी खायाचा काय, सायेब?" म्हाताऱ्याने विचारलं.

समितीच्या बैठकीला त्याला घेऊन गेलो. पंचनामा चुकला, असं उभं राहून सांगितलं.

"फौजदार, आता नियमही तुम्हीच करणार?" एक साहेब म्हणाले.

मी म्हाताऱ्याला पुढे केलं. त्याने खेकड्यांचं सांगितलं, आणि समितीतल्या एका बाईंनी ते शब्दशः उतरवून घेतलं.

निर्णय व्हायच्या आत माझी बदली झाली. नियम कागदावरून होतात, आणि तो कागद कधी कधी माझ्यासारख्याने घाईत लिहिलेला असतो, एवढं मी त्यातून शिकलो.

वर्षभराने हवालदारांचं पोस्टकार्ड आलं. "बंदी टँकरला लागली, वाडीला नाही. आपट्याला खेकडे परत आलेत. म्हातारा विचारतो, सायबासाठी ठेवू का?"